एकाचा अनुभव, साऱ्यांचे ज्ञान : अभियंत्यांच्या व्यावसायिक संस्थांविषयी

अभियंत्यांची व्यावसायिक संस्था म्हणजे एकाच विद्येवर उपजीविका करणाऱ्या माणसांनी, त्या विद्येच्या वाढीसाठी आणि तिचा वापर नीट व्हावा म्हणून, आपखुशीने उभारलेली संघटना. ती पगारासाठी भांडणारी कामगार संघटना नव्हे, कारखानदारांचा संघ नव्हे, माजी विद्यार्थ्यांचे मंडळ नव्हे आणि सरकारी खातेही नव्हे. अभियंता नोकरी बदलतो, खाते बदलतो, निवृत्त होतो. सभासदत्व मात्र त्याच्याबरोबर राहते. शिक्षण आणि अनुभव यांची छाननी, वार्षिक वर्गणी, आचारसंहिता, व्याख्याने, शोधनिबंध, मानके ठरवणाऱ्या समित्या असा या संस्थांचा व्यवहार असतो. त्याच्या मुळाशी एक साधी गरज आहे. अभियांत्रिकीतले पुष्कळसे शहाणपण वर्गात मिळत नाही, ते कामावर येते. पाया खोदताना अनपेक्षित लागलेला काळा चिकट थर, ऐन पावसाळ्यात खचलेला भराव, चाचणीत फाटलेला जोड यांतून जे कळते ते सांगायला जागा नसेल, तर ते त्या माणसाबरोबर संपते. पुढच्याला तीच ठेच पुन्हा लागते. एकाला आलेला अनुभव साऱ्या पेशाच्या मालकीचा करणे हे व्यावसायिक संस्थेचे पहिले काम होय, आणि तिची बाकीची कामे त्यातूनच निघाली आहेत.

या प्रकारच्या संस्थांचा उगम इंग्लंडात झाला. अठराव्या शतकात तिथे कालवे, बंदरे, दीपगृहे आणि पूल यांची कामे वाढली आणि लष्कराशी संबंध नसलेला 'सिव्हिल' इंजिनिअर हा नवा पेशा तयार झाला. जॉन स्मीटन आणि त्याच्या काही समव्यावसायिकांनी १७७१ मध्ये लंडनला सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स स्थापन केली. ती नावाजलेल्या मोजक्या अभियंत्यांची होती. एकत्र जेवावे, बोलावे, ओळखी जपाव्यात असे तिचे स्वरूप होते. उमेदवारी करणाऱ्या तरुणाला तिथे शिरकाव नव्हता. शिकण्याची इच्छा आहे पण शिकवणारे ठिकाण नाही, अशा काही तरुणांनी २ जानेवारी १८१८ रोजी लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील केंडल कॉफी हाउसमध्ये जमून इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सची स्थापना केली. हेन्री रॉबिन्सन पामर हा त्यांचा म्होरक्या. पहिली दोन वर्षे संस्थेने जेमतेम काढली. १८२० मध्ये थॉमस टेल्फर्डने अध्यक्षपद स्वीकारले आणि तिला वजन आले. रस्ते, कालवे आणि पूल बांधण्यात हयात घालवलेल्या या माणसाने आपली पुस्तके आणि नकाशेही पुढे संस्थेलाच दिले. १८२८ मध्ये संस्थेला राजसनद मिळाली.

मग एकेका शाखेची, एकेका देशाची संस्था निघत गेली. १८४७ मध्ये बर्मिंगहॅमला यांत्रिकी अभियंत्यांची संस्था निघाली आणि जॉर्ज स्टीफन्सन तिचा पहिला अध्यक्ष झाला. १८५२ मध्ये अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांनी, १८५६ मध्ये जर्मन अभियंत्यांनी आपापल्या संस्था काढल्या. १८८० मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स आली. वीज आणि रेडिओ या क्षेत्रांतल्या अमेरिकेतील दोन जुन्या संस्था १९६३ मध्ये एकत्र होऊन 'आयईईई' ही आज जगभर पसरलेली संस्था बनली.

लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सने एक प्रथा पाडली. सभासदाने आपल्या कामावर निबंध वाचायचा, इतरांनी त्यावर प्रश्न विचारायचे आणि निबंधाबरोबर ती चर्चाही छापायची. या प्रथेचे मोल महाराष्ट्राशी जोडलेल्या एका उदाहरणावरून कळते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कली यांनी १८६० मध्ये या संस्थेपुढे आपल्या रेल्वेच्या कामांवर निबंध सादर केला. तेव्हा बोरघाटाचे काम चालूच होते. सुमारे २५ किलोमीटरांत १,८३१ फूट चढायचे, सर्वांत अवघड चढ ३७ फुटांना एक फूट, पंचवीस बोगदे, आणि एके ठिकाणी गाडीची दिशा उलटी फिरवून पुढे न्यायची सोय असा तो मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. बर्कली त्याच्या आदल्या वर्षीच वारले. घाटातला कठीण कातळ, पावसाळ्यातले अडथळे, स्थानिक दगडाचे गुण यांविषयी त्यांनी मिळवलेले ज्ञान कंपनीच्या दफ्तरात पडून राहिले असते, तर ते त्या कंपनीपुरतेच उरले असते. संस्थेच्या वृत्तान्तात छापले गेल्यामुळे दुसऱ्या खंडात डोंगर फोडणाऱ्या अभियंत्यालाही ते वाचता आले. निबंधावरील चर्चेचे महत्त्वही तितकेच आहे. कामाची माहिती देणाऱ्याला त्याच कामाचा जाणकार समोरासमोर प्रश्न विचारतो, तेव्हा नुसती फुशारकी टिकत नाही. हिशेब, मोजमापे आणि कारणे द्यावी लागतात.

ज्ञानाची देवघेव ही पहिली पायरी. त्या ज्ञानाचा नियम बनणे ही दुसरी. याचे ठळक उदाहरण बाष्पकाचे, म्हणजे बॉयलरचे आहे. वाफेच्या युगात बॉयलरचे स्फोट वारंवार होत. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रॉकटन येथील बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटला आणि ५८ माणसे दगावली. त्या राज्याने १९०७ मध्ये बॉयलरविषयी कायदा केला. पण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे झाले तर बनवणाऱ्याने कोणते पाळायचे, हा पेच उरलाच. अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सने १९११ मध्ये समिती नेमली आणि तिची पहिली बॉयलर संहिता १९१४ च्या आवृत्तीच्या रूपाने आली. पत्र्याची जाडी, रिव्हेटचे अंतर, सुरक्षा झडपेची क्षमता, तपासणीची रीत अशा गोष्टी तिने बांधून दिल्या. ती संहिता आजही वाढत, सुधारत चालू आहे आणि जगभर वापरली जाते. बनवणारे, वापरणारे, विमा कंपन्यांचे तपासनीस आणि प्राध्यापक एका टेबलाशी बसल्याशिवाय अशी संहिता लिहिली जात नाही. त्यांना एकत्र बसवू शकेल असे ठिकाण त्या वेळी अभियंत्यांची संस्था हेच होते.

भारतात पहिल्या महायुद्धाच्या काळात औद्योगिक आयोगाने देशातील उद्योगांचा आढावा घेतला. त्यानंतर १९२० मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) ही संस्था नोंदली गेली. तिचे मुख्यालय कोलकात्याला आहे. एकाच शाखेपुरती न राहता सर्व शाखांच्या अभियंत्यांना तिने सामावून घेतले. १९३५ मध्ये तिला राजसनद मिळाली. मुंबईत तिचे महाराष्ट्र राज्य केंद्र असून पुणे, नागपूर अशा शहरांत स्थानिक केंद्रे आहेत. दरवर्षी १५ सप्टेंबरला, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या जन्मदिनी, अभियंता दिनाचे कार्यक्रम होतात. विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले आणि मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. पाणी वाढले की आपोआप उघडणारे त्यांचे दरवाजे प्रथम खडकवासल्याला बसले, त्यामुळे त्या दिवसाला महाराष्ट्रात जिव्हाळ्याचा संदर्भ आहे. देशात मानके ठरवणारी संस्था असावी यासाठीही इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सनेच आधी प्रयत्न केले. तशा संस्थेच्या घटनेचा पहिला मसुदा तिने तयार केला. १९४७ च्या जानेवारीत इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन अस्तित्वात आली. तीच आजची भारतीय मानक ब्युरो.

रस्त्यांच्या बाबतीतली हकिकत मराठी वाचकाला अधिक जवळची वाटेल. मोटारी वाढल्या आणि बैलगाडीसाठी केलेले खडीचे रस्ते उखडू लागले, तेव्हा १९२७ मध्ये मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. मुंबईचे नामांकित बॅरिस्टर आणि पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जयकर स्वतः अभियंते नव्हते. पण प्रश्न पैशाइतकाच अनुभवाच्या देवाणघेवाणीचा आहे, हे त्यांच्या समितीने ओळखले. पेट्रोलवरील जादा करातून रस्त्यांसाठी निधी उभारावा असे तिने सुचवले, आणि देशभरच्या रस्ते-अभियंत्यांना अनुभव एकत्र करता यावेत म्हणून एक निमसरकारी तांत्रिक संस्था असावी अशीही शिफारस केली. त्या शिफारशीतून डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. आज पुलाचा आराखडा करताना '७०-आर' या ठरावीक जड वाहनाचा भार कसा धरायचा, डांबरी रस्त्याची जाडी कशी काढायची, वळणाला बाहेरची कड किती उचलायची, हे साइटवरचा अभियंता ज्या 'आयआरसी' पुस्तिकेत पाहतो ती या संस्थेच्या सभासदांच्या समित्यांनी लिहिलेली असते. निविदेच्या कागदावर नुसता क्रमांक येतो. त्या क्रमांकामागे पुष्कळ अभियंत्यांचे वादविवाद, चाचण्या आणि चुकलेले अंदाज असतात.

चुकलेल्या अंदाजाचे मोल महाराष्ट्राने कोयनेला मोजले. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने जवळजवळ निर्धोक मानले जाई. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली आणि १०३ मीटर उंचीच्या काँक्रीटच्या धरणाला तडे गेले. धरण टिकले, पुढे त्याला मागच्या बाजूने टेकू देऊन मजबूत करण्यात आले. भूकंप-अभियांत्रिकीला वाहिलेली इंडियन सोसायटी ऑफ अर्थक्वेक टेक्नॉलॉजी ही संस्था १९६२ मध्येच रुरकीला स्थापन झाली होती. कोयनेच्या धक्क्याची नोंद यंत्रावर मिळाली होती आणि ती देशोदेशींच्या अभियंत्यांच्या अभ्यासाचा विषय झाली. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात १९७० मध्ये सुधारणा झाली; देशाचा भूकंप-नकाशा पाच विभागांत नव्याने मांडला गेला आणि 'धोका नाही' असे सांगणारा शून्य विभाग कायमचा गेला. आज अशी मानके ठरवणाऱ्या समित्यांवर सरकारी खाती आणि संशोधन संस्थांबरोबर अभियंत्यांच्या संस्थांचेही प्रतिनिधी बसतात. कोयनेच्या एका पहाटेचा धडा कराड-पाटणपुरता न राहता देशातल्या प्रत्येक संरचना अभियंत्याच्या आकडेमोडीत आला, तो या वाटेने.

अपघात झाल्यावर चौकशी होतेच. थोडक्यात टळलेला अपघात मात्र कोणी सांगत नाही. सांगितले तर नोकरी, अब्रू, कंत्राट धोक्यात येईल अशी भीती असते. ब्रिटनमध्ये स्थापत्य आणि संरचना अभियंत्यांच्या संस्थांनी मिळून १९७६ पासून संरचनांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारी समिती चालवली, आणि २००५ मध्ये नाव गुप्त ठेवून माहिती देण्याची सोय सुरू केली. कोणत्या इमारतीत, कोणाच्या हातून हे वगळून काय चुकले आणि का चुकले एवढेच सर्वांना कळवले जाते. ही सोय मालक करू शकत नाही, कारण त्याचा हितसंबंध गुंतलेला असतो. सरकारकडे शिक्षेचा अधिकार असतो, म्हणून तिथे जायला माणूस कचरतो. समव्यावसायिकांच्या संस्थेवर तो विश्वास टाकू शकतो.

येथून विषय नीतीकडे येतो. अभियंत्याच्या कामाचे परिणाम त्याला ओळखतही नसलेल्या माणसांना भोगावे लागतात. पुलावरून जाणारा प्रवासी आराखडा तपासून पाहू शकत नाही. म्हणून जवळजवळ सर्व संस्थांच्या आचारसंहितांत लोकांची सुरक्षितता मालकाच्या हुकमापेक्षा वर ठेवलेली असते. कॅनडात ही जाणीव एका विधीच्या रूपाने जपली जाते. क्वेबेकजवळ सेंट लॉरेन्स नदीवर बांधला जात असलेला पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी कोसळला आणि ७५ कामगार मेले. पुलाचे वजन धरण्यातली चूक वेळीच दुरुस्त झाली नव्हती. १९२२ मध्ये तिथल्या अभियंत्यांच्या संस्थेच्या सभेत नव्या अभियंत्याला शपथ देण्याची कल्पना निघाली, आणि १९२५ पासून पदवीधर अभियंता काम करणाऱ्या हाताच्या करंगळीत साधी अंगठी घालू लागला. आराखडा काढताना ती कागदाला घासते आणि जबाबदारीची आठवण देते.

शपथ घेतलेल्याच्या मागे कोणी उभे राहिले नाही तर शपथ दुबळी ठरते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 'बार्ट' ही नवी स्वयंचलित रेल्वे उभी राहत असताना तीन अभियंत्यांनी गाडीच्या नियंत्रण यंत्रणेतल्या त्रुटी वरिष्ठांच्या आणि मग संचालकांच्या कानावर घातल्या. १९७२ च्या मार्चमध्ये त्यांना कामावरून काढले गेले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला फ्रीमाँट स्थानकात गाडी थांबायच्या जागी थांबली नाही, ती रुळाच्या टोकापलीकडे गेली आणि काही प्रवासी जखमी झाले. अभियंते न्यायालयात गेले, तेव्हा आयईईईने १९७५ मध्ये न्यायालयापुढे आपले म्हणणे मांडले : लोकांच्या सुरक्षिततेला जपणे हा अभियंत्याच्या नोकरीच्या कराराचाच भाग समजला पाहिजे. खटला तडजोडीने मिटला. त्या तिघांना १९७८ मध्ये संस्थेने लोकहिताच्या सेवेबद्दल गौरवले. एकटा अभियंता खात्यापुढे किंवा कंपनीपुढे नेहमीच लहान पडतो. 'हे माझे मत नाही, ही आमच्या पेशाची रीत आहे' असे म्हणता येणे हा त्याला मिळणारा सर्वांत मोठा आधार आहे.

सभासदाला व्यक्तिशः काय मिळते, याचे उत्तर प्रत्येकाच्या परिस्थितीप्रमाणे बदलते. भारतात ज्यांना महाविद्यालयात जाता आले नाही अशा कितीतरी पदविकाधारकांनी, पर्यवेक्षकांनी आणि कारखान्यातल्या तंत्रज्ञांनी दिवसा नोकरी करून इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या 'एएमआयई' परीक्षेचे अ आणि ब विभाग पार केले. अभियांत्रिकीच्या पदवीशी समकक्षता मिळाल्याने त्यांना बढतीचा आणि वरच्या पदाचा मार्ग मोकळा झाला. २०१३ नंतर त्या मान्यतेच्या अटी बदलल्या. पण घरची स्थिती बेताची असलेल्या कित्येक पिढ्यांना या परीक्षेने हात दिला. अनुभवी अभियंत्याला 'चार्टर्ड इंजिनिअर' म्हणून मूल्यमापन आणि प्रमाणपत्रांची कामे करता येतात. तरुणाला आपल्या खात्याबाहेरचा वडीलधारा जाणकार भेटतो. आपल्या साहेबाला विचारायला संकोच वाटतो तो प्रश्न दुसऱ्या खात्यातल्या ज्येष्ठाला चहाच्या वेळी विचारता येतो.

एकट्या पडलेल्या माणसाला तर संस्थेचे दार फार मोलाचे असते. अय्यलसोमयाजुला ललिता यांचे आयुष्य त्याची साक्ष देते. अठराव्या वर्षी वैधव्य आणि पदरात लहान मुलगी, अशा स्थितीत त्या मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकल्या आणि १९४३ मध्ये विद्युत अभियंत्या झाल्या. पुढे कोलकात्याला वीज-यंत्रसामग्रीच्या कंपनीत पारेषण वाहिन्या आणि उपकेंद्रे यांच्या आराखड्यांचे काम त्यांनी केले. लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना १९५३ मध्ये सहसभासद आणि १९६६ मध्ये पूर्ण सभासद करून घेतले. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला महिला अभियंत्या आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा त्या स्वतंत्रपणे तिथे गेल्या आणि परतल्यावर इथल्या अभियंत्या स्त्रियांना त्या चळवळीशी जोडण्याच्या खटपटीला लागल्या. आजूबाजूला आपल्यासारखी दुसरी स्त्री नाही, अशा वेळी दूरदेशीच्या समव्यावसायिकांनी दिलेली बरोबरीची जागा ही कोणत्याही पदकाहून मोठी गोष्ट होती.

संस्थांच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. भारतात वकिलांसाठी १९६१ चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा केंद्रीय कायदा आहे; सर्व अभियंत्यांची नोंदणी करणारा तसा कायदा देशात झालेला नाही. त्यामुळे अभियंत्यांच्या संस्थेचे सभासदत्व ऐच्छिक आहे, आणि नावापुढे अक्षरे लावण्यापुरते ते घेणारेही असतात. सभासद झोपला की संस्था झोपते : निवडणुका, सत्कार आणि जेवणावळी उरतात, निबंध आणि चर्चा आटतात. नियम लिहिण्याचा अधिकार हाती आला की त्याचा गैरवापरही होऊ शकतो. अमेरिकन यांत्रिकी संस्थेच्या बॉयलर समितीवरील काही जणांनी संहितेचा अर्थ असा लावला, की एका प्रतिस्पर्धी उत्पादकाचे उपकरण असुरक्षित ठरावे. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८२ मध्ये न्यायालयाने संस्थेलाच जबाबदार धरले. आपल्या नावाने बोलणाऱ्यांवर नजर ठेवणे हे संस्थेचे कर्तव्य आहे, हे त्या निकालाने पक्के झाले. समितीवर बसताना हितसंबंध जाहीर करणे, वेगवेगळ्या बाजूंच्या लोकांना समतोल जागा देणे, मसुदा लोकांच्या हरकतींसाठी खुला ठेवणे हे त्यावरचे उपाय आहेत.

भाषेची मर्यादा आपल्याकडे आणखी एक. निबंध, मानके आणि परिषदा यांचा व्यवहार बहुतांशी इंग्रजीत चालतो. पण काँक्रीट प्रत्यक्ष ओततो तो मुकादम, सळई बांधतो तो फिटर आणि गुणनियंत्रणाच्या वहीत आकडे भरतो तो कनिष्ठ अभियंता दिवसभर मराठीत बोलत असतो. ओतलेले काँक्रीट किती दिवस ओले ठेवायचे, सळईवर आच्छादन किती हवे आणि ते कमी पडले की गंज कसा चढतो, हे त्याला त्याच्या भाषेत सांगणारे व्याख्यान जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी झाले, तर मानकातला नियम भिंतीत उतरतो. स्थानिक केंद्रांना करण्याजोगे याहून उपयोगी काम थोडेच असेल.

गावातल्या सामाईक विहिरीचे पाणी सारे भरतात, पण उन्हाळ्यात गाळ उपसायला उतरणारे थोडे असतात. अभियंत्यांच्या संस्थेचेही तसेच आहे. वर्गणी भरून नियतकालिक घरी येते. सभासदत्वाचा खरा लाभ मात्र व्याख्यानाला जाऊन प्रश्न विचारणाऱ्याला, आपल्या कामातला यशाचा आणि फसगतीचा अनुभव लिहून काढणाऱ्याला, मानकाच्या मसुद्यावर वेळेत हरकत पाठवणाऱ्याला आणि विद्यार्थी शाखेतल्या मुलाला साइट दाखवायला नेणाऱ्याला होतो. बर्कलींचा निबंध, बॉयलरची संहिता, आयआरसीच्या पुस्तिका, कोयनेनंतरचा भूकंप-नकाशा हे सारे स्वतःचे काम सांभाळून संस्थेसाठी वेळ काढणाऱ्या माणसांच्या हातून घडले. त्यांच्या श्रमांवर आजचा अभियंता बिनघोर उभा आहे. त्याच्या अनुभवावर उद्याचा उभा राहायचा असेल, तर तो अनुभव आजच्याने संस्थेत आणून ठेवला पाहिजे.